अकरा ‘शेवटच्या’ प्रती आणि एक रेपो : गिट शिकतानाच्या नोंदी

जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मराठी मजकूर युनिकोडमध्ये आणणारा एक छोटा पायथन प्रोग्रॅम मी दीड वर्षापासून लिहितो आहे. त्या फॉन्टमध्ये अक्षरं जशी दिसतात त्या क्रमाने साठवलेली असतात, म्हणजे ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार अक्षराच्या नंतर. युनिकोडमध्ये क्रम उच्चाराचा असतो. त्यामुळे प्रोग्रॅम म्हणजे नियमांची लांबलचक यादी आहे, आणि त्यातला एक नियम वरखाली झाला की भलतेच शब्द बिघडतात. मे महिन्यात ‘दऱ्या’चं ‘दर्या’ व्हायला लागलं. डोंगरातल्या दऱ्यांचा समुद्र झाला. आधी हा शब्द नीट येत होता एवढं नक्की आठवत होतं. पण कोणत्या बदलाने बिघडला ते सांगता येईना. फोल्डरमध्ये ‘नियम_नवा’, ‘नियम_नवा_२’, ‘नियम_शेवटचा’, ‘नियम_शेवटचा_खरा’ अशा अकरा प्रती होत्या आणि त्यातली कुठली कधीची, याचा पत्ता नव्हता.

म्हणून गिट, म्हणजे फाइलींतल्या बदलांचा इतिहास ठेवणारं साधन, शिकायला घेतलं. हेच करायला बसणाऱ्यांचे काही तास वाचावेत म्हणून या नोंदी ठेवतो आहे. आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत, टाइप करताना अर्थातच रोमन.

३ जून

‘गिट इनिट’ केलं, म्हणजे फोल्डरचा रेपो (इतिहासासकट साठा) बनवला, नाव आणि ईमेल भरलं आणि लगेच ‘गिट ॲड .’ मारलं. शेवटच्या टिंबाचा अर्थ ‘या फोल्डरमधलं सगळं’. सगळं म्हणजे अकरा प्रती, बनवलेल्या आउटपुट फाइली आणि पायथनच्या व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटचं अख्खं फोल्डर. पहिल्या कमिटमध्ये (कमिट म्हणजे इतिहासातली एक नोंद) ३,९१८ फाइली गेल्या, त्यातल्या माझ्या स्वतःच्या चौदा.

मग ‘.गिटइग्नोर’ फाइल, म्हणजे गिटने दुर्लक्ष करायच्या फाइलींची यादी, लिहिली आणि वाटलं, आता नको त्या फाइली आपोआप बाहेर पडतील. पडल्या नाहीत. ही फाइल फक्त गिटच्या नजरेत अजून न आलेल्या फाइलींना लागू होते. एकदा आत घेतलेली फाइल गिट सोडत नाही. ‘गिट आरएम -आर --कॅश्ड’ने ती बाहेर काढता येते, पण ‘--कॅश्ड’ लिहायला विसरलात तर फाइल डिस्कवरूनही जाते. माझा एकच कमिट झालेला होता, म्हणून लपलेलं ‘.गिट’ फोल्डर उडवून कोऱ्या पाटीवर सुरुवात केली. आधी ‘.गिटइग्नोर’, मग ‘गिट स्टेटस’ वाचणं आणि शेवटी ॲड, हा क्रम ठेवा. दुसऱ्या खेपेला पाच मिनिटांत झालं.

संदेश न देता ‘गिट कमिट’ दाबलं तेव्हा व्हिम एडिटर उघडला आणि त्यातून बाहेर कसं पडायचं ते कळेना. पंचवीस मिनिटं गेली. एस्केप दाबून विसर्गचिन्ह, डब्ल्यू, क्यू आणि एंटर. नंतर ‘कोअर डॉट एडिटर’ सेटिंगमध्ये नॅनो हा सोपा एडिटर टाकला.

आजचे अडीच तास, त्यातले दीड वाया.

४ जून

माझ्या चाचणीच्या शब्दांची फाइल ‘नमुने’ या देवनागरी नावाची आहे. ‘गिट स्टेटस’मध्ये ती शोधली तर दिसेना. तिच्या जागी उलट्या तिरक्या रेघा आणि आकड्यांची माळ होती: \३४०\२४४\२५०, \३४०\२४४\२५६ आणि पुढे तसंच. आधी वाटलं, फाइलचं नाव खराब झालं. घाबरून नाव रोमन केलं, सगळ्या कोडमध्ये ते बदललं, आणि अर्ध्या तासाने उलगडा झाला.

नाव शाबूत होतं. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेतं, आणि गिट इंग्रजीबाहेरचे बाइट स्क्रीनवर अष्टमान आकड्यांत दाखवतं. ‘नमुने’मध्ये न, म, उकार, न, मात्रा अशी पाच चिन्हं, म्हणून पंधरा आकडे. ३४०-२४४-२५० हे त्रिकूट दोनदा येतं तोच ‘न’. ‘गिट कॉन्फिग --ग्लोबल कोअर डॉट कोटपाथ फॉल्स’ एवढं केलं की नावं मराठीत दिसतात. मराठी नावांच्या फाइली ठेवणाऱ्या प्रत्येकाने हे पहिल्या दिवशीच करून टाकावं. मी फाइलचं नाव परत ‘नमुने’ केलं.

७ जून

दुपारी एक नियम लिहिला, ॲड केला. मग त्यातली चूक दिसली, ती सुधारली आणि कमिट केला. संध्याकाळी कमिट उघडून बघतो तर त्यात चुकीचाच नियम.

ॲड म्हणजे ‘ही फाइल पुढच्या कमिटमध्ये घे’ असं मी समजत होतो. तसं नाही. ॲड म्हणजे ‘ही फाइल या क्षणी जशी आहे तशी घे’. त्यानंतरची दुरुस्ती नव्याने ॲड करावी लागते. ‘गिट स्टेटस’ हे सांगतही होतं, एकच फाइल हिरव्या यादीत होती आणि लाल यादीतही. मला तो गिटचाच घोळ वाटला होता. तेव्हापासून कमिट करण्याआधी ‘गिट डिफ --स्टेज्ड’ बघतो, कारण नुसतं ‘गिट डिफ’ अजून ॲड न केलेलं तेवढंच दाखवतं.

९ जून

आजचा दिवस वाईट गेला. सकाळपासून अनुस्वाराच्या नियमांवर काम करत होतो. साडेतीन तासांत दोन फाइली बऱ्याच पुढे नेल्या, पण कमिट एकही नाही, कारण ‘पूर्ण झालं की करू’. मध्येच एक प्रयोग फसला आणि तेवढाच मागे घ्यायला म्हणून कुठेतरी वाचलेली ‘गिट रीसेट --हार्ड’ आज्ञा दिली. ती प्रयोगापुरती चालत नाही. शेवटच्या कमिटनंतरचं सगळं काम गेलं, आणि गिटने विचारलंही नाही.

दोन तास शोधाशोध केली तेव्हा अर्धं परत मिळालं. एक फाइल मी अकराच्या सुमारास ॲड केली होती. ॲड करताक्षणी गिट तो मजकूर आपल्या साठ्यात लिहून ठेवतं. नंतर त्याच्याकडे कुणी बोट दाखवत नसलं तरी तो लगेच पुसला जात नाही. ‘गिट एफएससीके --लॉस्ट-फाउंड’ने असे सात बेवारस तुकडे दाखवले, प्रत्येकाचं नाव म्हणजे चाळीस अक्षरी हॅश, मजकुरावरून काढलेली खूण. ‘गिट शो’ने एकेक उघडत गेलो आणि पाचव्यात अनुस्वाराचे नियम सापडले, अकरा वाजेपर्यंतचे. दुसरी फाइल ॲडच केलेली नव्हती. ती कायमची गेली.

आजपासून ठरवलं: एक नियम चालू झाला आणि त्याचा नमुना उतरला की लगेच कमिट. बाकी काम अर्धवट असलं तरी चालेल. गिटच्या हाती दिलेलं बहुतेक वेळा परत मिळतं. न दिलेल्याचा त्याच्याकडे काही हिशोब नसतो.

साडेतीन तासांचं काम, परत मिळालं त्यातलं अंदाजे दीड तासाचं.

१२ जून

‘गिट लॉग’ वाचून काढला. माझे संदेश असे: ‘बदल केले’, ‘अजून बदल’, ‘दुरुस्ती’, ‘बदल केले’. कालचाच एक कमिट नऊ फाइलींचा, साडेचारशेच्या आसपास ओळींचा आणि संदेश ‘बदल केले’. त्यात काय काय केलं ते चोवीस तासांतच मला नीट सांगता येईना. तो तसाच राहू दिला.

नवा नियम: पहिल्या ओळीत काय बदललं ते शब्दाच्या उदाहरणासह, खाली गरज असेल तर का बदललं. ‘अनुस्वार वेलांटीनंतर घे : हिंसा, किंमत’ असा संदेश महिन्यानेही समजेल. संदेशात टंकनाची चूक राहिली तर ‘गिट कमिट --अमेंड’. तो कमिट मात्र अजून दुसऱ्या कुणाकडे गेलेला नसावा, याची किंमत पुढे ५ जुलैच्या नोंदीत आहे.

एका फाइलमध्ये दोन वेगळे बदल झाले असतील तर ‘गिट ॲड -पी’. ते एकेक तुकडा दाखवून ‘हा घेऊ का’ विचारतं. वाय म्हणजे हो, एन म्हणजे नको, एस म्हणजे आणखी तुकडे कर. दोन बदल लागून असलेल्या ओळींवर असतील तर एस चालत नाही. मी हाताने तुकडा दुरुस्त करायच्या नादात पाऊण तास घालवला. शेवटी एक बदल तात्पुरता काढला, दुसरा कमिट केला, मग पहिला परत टाकला. पाच मिनिटांचं काम होतं.

१५ जून

ब्रांचची, म्हणजे कामाच्या वेगळ्या फांदीची, मला भीती होती, अख्ख्या फोल्डरची नक्कल होत असेल असं वाटायचं. म्हणून ‘.गिट’च्या आत जाऊन बघितलं. माझ्या रेपोत ब्रांच म्हणजे ४१ बाइटची एक फाइल निघाली: कमिटच्या हॅशची ४० अक्षरं आणि एक नवी ओळ. तेवढंच. ते बघितल्यावर दिवसभरात चार ब्रांच काढल्या.

लगेच पुढची चूक. जुना कमिट बघायला ‘गिट चेकआउट’ला थेट हॅश दिला आणि तिथेच बसून दोन कमिट केले. मग मुख्य ब्रांचवर परतलो तर दोन्ही कमिट दिसेनात. ‘डिटॅच्ड हेड’ असा लांबलचक इशारा आला होता, मी तो न वाचता पुढे गेलो होतो. याचा अर्थ: तुम्ही कुठल्याच ब्रांचवर उभे नाही, इथे केलेल्या कमिटकडे बोट दाखवणारी ४१ बाइटची फाइल कुणाकडेच नाही.

या वेळी मात्र पाच मिनिटांत सुटलो. ‘गिट रिफ्लॉग’ आपण कुठे कुठे उभे होतो याची वही ठेवतं. त्यात हरवलेल्या कमिटचा हॅश मिळाला, ‘गिट ब्रांच वेलांटी-प्रयोग’ लिहून पुढे तो हॅश दिला, दोन्ही कमिट परत. अशा सुट्या पडलेल्या कमिटच्या नोंदी मूळ सेटिंगप्रमाणे तीस दिवस राहतात, म्हणून शोध फार लांबवू नये.

जाता जाता: जुन्या लेखांमध्ये सगळीकडे ‘चेकआउट’च दिसतं, कारण ब्रांच बदलणं आणि फाइल मागे नेणं ही दोन्ही कामं ते करतं. ऑगस्ट २०१९ मध्ये आलेल्या २.२३ आवृत्तीपासून त्यांना ‘स्विच’ आणि ‘रिस्टोअर’ अशा वेगळ्या आज्ञा आहेत. ‘स्विच’ला थेट हॅश दिला तर ते अडवतं, ‘--डिटॅच’ लिहा म्हणतं. नव्याने शिकणाऱ्याने तेच वापरावं.

१९ जून

मामेबहीण कामात आली. दुसऱ्या एका जुन्या फॉन्टचे नियम ती लिहिणार. रेपो गिटहब या वेबसाइटवर ठेवायला घेतला आणि पहिला तास लॉगिनमध्ये गेला. मी वाचत होतो त्या जुन्या लेखात पासवर्ड टाका असं होतं. १३ ऑगस्ट २०२१ पासून तिथे गिटसाठी खात्याचा पासवर्ड चालत नाही, टोकन किंवा एसएसएच चावी लागते. चावी केली.

मग पुश (कमिट तिकडे पाठवणं) अडला. मी स्कॅन केलेल्या पानांची १८० एमबीची एक फाइल नकळत कमिट केली होती आणि १०० एमबीच्या वरची फाइल तिथे घेत नाहीत. ती डिलीट करून नवा कमिट केला, तरी पुश अडलाच. आजच्या कमिटमध्ये फाइल नसली तरी कालच्यात आहे, आणि पुश इतिहासासकट होतो. नशिबाने ती शेवटून तिसऱ्याच कमिटमध्ये होती. ‘गिट रीसेट --सॉफ्ट’ने त्याच्या मागे गेलो. यात काम जागच्या जागी राहतं, फक्त कमिट सुटे होतात. ती फाइल सोडून पुन्हा कमिट केलं. इतिहासात खोल गेलेली असती तर ‘गिट फिल्टर-रेपो’ हे वेगळं साधन लागलं असतं.

संध्याकाळी तिचा पहिला बदल आला. एका ओळीची दुरुस्ती, आणि डिफमध्ये फाइलच्या ६४० ओळी लाल, ६४० ओळी हिरव्या.

“अगं, तू पूर्ण फाइल परत लिहिलीस का?”

“नाही रे दादा, एक स्वल्पविराम काढला फक्त.”

‘गिट डिफ -डब्ल्यू’ करून बघितलं. त्यात मोकळ्या जागेतले फरक धरत नाहीत. खरोखरच एक ओळ उरली. ती विंडोजवर काम करते, मी लिनक्सवर. तिच्या एडिटरने प्रत्येक ओळीच्या शेवटी विंडोजचं जादा अदृश्य चिन्ह टाकलं होतं. रेपोत ‘.गिटॲट्रिब्यूट्स’ फाइल ठेवून तीत ‘* टेक्स्ट=ऑटो’ अशी ओळ लिहिली, मग ‘गिट ॲड --रीनॉर्मलाइझ .’ आणि त्याचा स्वतंत्र कमिट. दोघं वेगवेगळ्या प्रणालींवर असाल तर ही फाइल पहिल्या दिवशी टाका. नंतर टाकली तर एक कमिट असा राहतो जिथे प्रत्येक ओळ बदललेली दिसते आणि ‘गिट ब्लेम’ने ओळ कुणाची ते शोधताना तो मध्ये येतो.

२४ जून

पहिला कॉन्फ्लिक्ट. आम्ही दोघांनी ऱ्हस्व वेलांटीच्या एकाच फंक्शनला हात लावला होता. वेलांटी पुढच्या एका अक्षरामागे नव्हे, अख्ख्या जोडाक्षरामागे न्यायची हा तिचा बदल. माझा अनुस्वाराचा. मर्ज करताना, म्हणजे दोघांचे बदल एकत्र आणताना, गिट थांबलं आणि फाइलमध्ये सात-सात चिन्हांच्या खुणा टाकून दोन्ही बाजू समोर ठेवल्या.

मी घाईने ‘गिट चेकआउट --अवर्स’ दिलं, म्हणजे माझी बाजू घे. खुणा गेल्या, मर्ज झाला. तासाभराने नमुने चालवले तर ‘स्थिती’चं ‘सि्थती’. वेलांटी स्‌ आणि थ यांच्या मध्येच अडकली होती. तिचा नियम मी पूर्ण फाइलसकट टाकून दिला होता. ‘--अवर्स’ अडलेल्या ओळींपुरतं नसतं, तसं दिलं तर त्या फाइलमधले समोरच्याचे सगळेच बदल जातात. रीबेस करताना (आपले कमिट दुसऱ्या ब्रांचच्या टोकावर नव्याने रचताना) तर ‘अवर्स’ आणि ‘देअर्स’ (समोरची बाजू) यांचा अर्थ उलटा होतो, तेव्हा ही नावं वाचून अंदाज बांधू नये.

मर्ज पुश केला नव्हता, म्हणून एक कमिट मागे जाऊन परत मर्ज केला. या वेळी आधी ‘मर्ज डॉट कॉन्फ्लिक्टस्टाइल’ला ‘डिफ३’ दिलं. याने दोन बाजूंच्या मध्ये तिसरा भाग दिसतो, दोघांनी हात लावण्याआधीचा मूळ मजकूर. मोठा फरक पडला. मूळ ओळ समोर असली की तिने काय बदललं आणि मी काय, हे वेगळं वाचता येतं. नुसत्या दोन बाजू बघताना ‘कोण बरोबर’ असा प्रश्न पडतो, आणि बहुतेक वेळा दोघंही बरोबर असतात. दोन्ही नियम हाताने एकत्र लिहिले. मध्येच गोंधळ वाटला तर ‘गिट मर्ज --अबॉर्ट’ने सुरुवातीला जाता येतं, हे माहीत असल्यामुळे हात थरथरला नाही.

२७ जून

कॉन्फ्लिक्ट न येता बिघडलेला मर्ज. तिने एका फंक्शनचं नाव बदललं आणि तेव्हा ते जिथे जिथे वापरलं होतं तिथे सगळीकडे दुरुस्त केलं. त्याच दिवशी मी दुसऱ्या फाइलमध्ये जुन्या नावाने एक नवा वापर लिहिला. ओळी वेगळ्या, फाइली वेगळ्या, गिटची काही तक्रार नाही. प्रोग्रॅम चालवला तर बंद. गिट ओळी बघतं, अर्थ बघत नाही. प्रत्येक मर्जनंतर नमुने चालवल्याशिवाय पुश करायचा नाही, हे दोघांनी ठरवलं.

२ जुलै

ज्यासाठी हा सगळा खटाटोप केला, ते आज वापरायला मिळालं.

‘वर्षी’चं ‘वषीर्’ येतं आहे असं लक्षात आलं. ‘सर्व’, ‘धर्म’, ‘अर्थ’ ठीक, पण रफाराच्या अक्षराला वेलांटी किंवा मात्रा असली की रफार मागेच राहतो. नमुन्यांत तसा शब्दच नव्हता, म्हणून तीन आठवडे कळलं नाही. ४ जूनचा कमिट काढून बघितला, तिथे ‘वर्षी’ नीट. म्हणजे मधल्या ९६ कमिटपैकी कुठेतरी.

‘गिट बायसेक्ट स्टार्ट’, आत्ताचा ‘बॅड’, ४ जूनचा ‘गुड’. गिटने मधला कमिट काढून दिला आणि सांगितलं, याच्यानंतर तपासायचे ४७ उरतील, अंदाजे ६ पायऱ्या. प्रत्येक वेळी ‘वर्षी’ टाकून बघायचं आणि गुड किंवा बॅड म्हणायचं. एका कमिटवर प्रोग्रॅमच चालेना, तिथे ‘स्किप’. पंधरा मिनिटांत कमिट हाती आला.

११ जूनचा. नऊ फाइली, संदेश ‘बदल केले’.

पुढचे दोन तास त्या एका कमिटच्या आत गेले. त्यात स्पेसची दुरुस्ती होती, नावांचे बदल होते, वेग वाढवायचा एक प्रयत्न होता आणि नियमांचा तक्ता नीटनेटका दिसावा म्हणून अकारविल्हे लावलेला होता. दोष त्या शेवटच्या गोष्टीत निघाला. तक्ता लावताना वेलांटीचा नियम रफाराच्या वर गेला, आणि रफार मागे न्यायची पाळी येईपर्यंत वेलांटी मध्ये येऊन बसलेली. दोन ओळींची अदलाबदल केली, ‘वर्षी’, ‘मूर्ती’, ‘कार्ये’ हे शब्द नमुन्यांत घातले.

त्याच दिवशी आणखी एक बग निघाला, पूर्णविरामाआधी जादा स्पेस येत होती. तीच पद्धत, पण या वेळी तपासणीची छोटी स्क्रिप्ट लिहून ‘गिट बायसेक्ट रन’ला दिली. स्क्रिप्टने शून्य परत केलं तर चांगला, एक केलं तर वाईट, १२५ केलं तर वगळा. सापडलेला कमिट बहिणीचा, २१ जूनचा, बारा ओळींचा, संदेशात नेमकं काय केलं ते लिहिलेलं. उघडताच चूक दिसली. शोध आणि दुरुस्ती मिळून दहा मिनिटं.

५ जुलै

पुश झालेल्या माझ्या एका कमिटच्या संदेशात चूक दिसली. अमेंड केला. साहजिकच पुश अडला, कारण अमेंड म्हणजे जुन्या कमिटच्या जागी वेगळ्या हॅशचा नवा कमिट. ‘पुश --फोर्स’ केलं. तासाभराने फोन.

“दादा, माझे सकाळचे चार कमिट वेबवर दिसत नाहीयेत. मी पुश केले होते रे.”

केले होते, आणि मी फेच न करता, म्हणजे तिथलं नवं आधी न आणता, त्यांच्यावरून नांगर फिरवला होता. तिला आधी सांगितलं, “काही करू नकोस, पुलसुद्धा नको. तुझ्या मशीनवर आहेत ते.” होतेही. लिनस टोरवाल्ड्सने एप्रिल २००५ मध्ये लिनक्स कर्नलच्या कामासाठी गिट लिहायला घेतलं ते प्रत्येकाकडे पूर्ण इतिहास असावा अशाच बेताने, आणि आज त्याचा अर्थ मला कळला. सर्व्हरवरची प्रत मी बिघडवली तरी तिची प्रत पूर्ण होती. तिने तिच्या कमिटची एक वेगळी ब्रांच करून पुश केली. मी ते चार कमिट ‘चेरी-पिक’ने एकेक निवडून मुख्य ब्रांचवर आणले. तिला मोजून दाखवले.

आता नियम असा: पुश झालेला कमिट बदलायचा नाही. चुकलाच असेल तर ‘गिट रिव्हर्ट’, म्हणजे उलटा बदल करणारा नवा कमिट. स्वतःच्या एकट्याच्या ब्रांचवर फोर्स लागलाच तर ‘--फोर्स-विथ-लीज’. तुम्ही शेवटचं बघितल्यानंतर तिथे दुसऱ्या कुणी काही टाकलं असेल तर ते अडवतं. एक खाच आहे. एडिटर मागच्या मागे आपोआप फेच करत असेल तर गिटला वाटतं तुम्ही बघितलं आहे, आणि ते जाऊ देतं. माझ्या एडिटरमधलं आपोआप फेच बंद केलं.

११ जुलै

मे महिन्यातला ‘दऱ्या’चा बग अजून उभाच होता. बायसेक्ट तिथपर्यंत पोहोचत नाही, कारण तो गिटच्या आधीचा. शेवटी त्या अकरा प्रतींनाच इतिहास द्यायचं ठरवलं.

‘गिट स्विच --ऑर्फन जुनं’. याने आधीच्या इतिहासाशी संबंध नसलेली ब्रांच सुरू होते. आज्ञा देताच फोल्डरमधल्या गिटच्या सगळ्या फाइली नाहीशा झाल्या. ९ जूनला हे झालं असतं तर काळजाचा ठोका चुकला असता. आज सगळं कमिट केलेलं होतं, स्टेटस बघितलं आणि पुढे गेलो. एकेक प्रत ‘नियम’ याच नावाने ठेवायची आणि ‘--डेट’मध्ये त्या फाइलची तारीख देऊन कमिट करायची. तीन प्रतींची तारीख नेमकी एकच निघाली, कधीतरी पेन ड्राइव्हवरून आणल्या असणार. त्यांचा क्रम ‘गिट डिफ --नो-इंडेक्स --स्टॅट’ने लावला, ज्या दोघींत फरक कमी त्या शेजारी.

मग ‘गिट लॉग -एस’ला ‘ऱ्य’ दिलं. ही आज्ञा तो मजकूर जिथे आला किंवा गेला तेवढेच कमिट दाखवते. एकही आला नाही. तासभर विचार केल्यावर कारण सापडलं: हा अर्धा र दोन प्रकारे लिहिला जातो. एकात ऱ हे स्वतंत्र चिन्ह आणि हलन्त, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारं जोडचिन्ह. स्क्रीनवर दोन्ही सारखेच, बाइट वेगळे. माझा कीबोर्ड पहिला देतो, जुन्या कोडमध्ये दुसरा होता. त्या रूपाने शोधलं आणि दोन कमिट समोर आले. तिसऱ्या प्रतीत नियम आला होता. सातव्या प्रतीत, शेजारच्या चार कालबाह्य ओळी काढताना, त्यांच्याबरोबर पाचवी म्हणून गेला.

नियम परत टाकला, आता दोन्ही रूपांसाठी. नमुन्यांत ‘दऱ्या’, ‘वाऱ्यावर’ आणि ‘दर्या’ असे तीन शब्द घातले, कारण समुद्र समुद्रच राहायला हवा. संदेश लिहिला: ‘ऱ्य परत आणला : सातव्या प्रतीत चुकून गेला होता’. पुश केल्यावर बहिणीने तिच्या फॉन्टवर चालवून बघितलं, तिन्ही बरोबर.

‘जुनं’ ब्रांचही पुश केली, आणि अकरा प्रतींचं फोल्डर डिलीट केलं. ‘गिट स्टेटस’ म्हणतं, कमिट करण्याजोगं काही नाही.